चौथा कागद

चंद्रकला सुरवसे यांचं पत्र माझ्याकडे बावीस वर्षं पडून होतं. वहीचा अर्धा कागद, त्यावर निळ्या शाईत सात ओळी. अक्षर शाळकरी, पण एकही खाडाखोड नाही. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं असणार. त्यात त्यांनी माझ्याकडे एक लहानशी गोष्ट मागितली होती. मी ना ती पाठवली, ना नाही म्हणून कळवलं.

पत्र येण्याच्या सहा महिने आधी, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, त्या साडेनऊलाच वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. किल्ली घेऊन आलो तर बाई उठून उभ्या राहिल्या. कडेवर वैजू. वैजयंती नाव, वय सहा, पण उचलून घेतली तर तीन वर्षांची वाटावी. दोन्ही गुडघे कायम दुमडलेले, हात छातीशी आखडलेले. डोळे मात्र चौकस. माझ्या हातातल्या किल्लीकडे ती टक लावून पाहत होती.

"गुरुजी, जीप आली न्हाई अजून?" बाईंनी विचारलं. मी शिक्षक नव्हतो, पण खेड्यातली माणसं मला गुरुजीच म्हणत.

"नाही. बोर्डावर लावलंय तसं."

"वाचलं मी. मागच्या महिन्यात बी वाचलं. नववी शिकलेय मी."

महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी जिल्ह्याहून शाहीन पठाण नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाई जीपनं यायच्या. वाचनालयाच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून अशा मुलांचे व्यायाम घ्यायच्या, आयांना शिकवायच्या. हॉल उघडणं आणि आलेल्यांची नावं क्रमानं लिहिणं एवढंच माझं काम. डिसेंबरनंतर त्यांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. 'पद रिक्त असल्याने पुढील आदेशापर्यंत शिबिरे स्थगित' असं पत्र आलं, ते मी बोर्डावर लावलं. तोंडानं सांगायला हवं होतं. पण माझं हे पहिल्यापासून असंच. एखाद्यानं पुस्तक परत केलं नाही तर ते मागायलाही मी चिठ्ठी लिहायचो आणि त्याच्या पुढच्या पुस्तकात घालून द्यायचो.

"पुढचा आदेश म्हणजे कोणाचा वो, गुरुजी? यमाचा का?" बाई म्हणाल्या.

मला हसावं की नाही ते कळेना. "जिल्ह्याच्या दवाखान्यात एकदा जाऊन बघा," मी म्हणालो.

"गेलते की. ऑगस्टची तारीख दिली. आन् त्यानंतर दर आठ दिसाला आणा म्हणले. आमचे मालक बोअरच्या गाडीवर, कर्नाटकात. चार-चार महिने येत न्हाईत. मी दर आठ दिसाला हिला घेऊन तीन गाड्या बदलायच्या, तर घरच्या म्हातारीला कोण बघणार?"

"निदान ऑगस्टपर्यंत थांबून..."

"शाळा जूनमध्ये हाय."

मग त्यांनी शाळेचं सांगितलं. सारोळवाडीच्या शाळेचे हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले होते, पोरगी जमिनीवर पाय पसरून, कोणी न धरता बसायला लागली तर जूनमध्ये नाव घालतो. धरून बसायला शाळेकडे माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं. शाहीन मॅडमच्या हाताखाली वैजू भिंतीला टेकून बसू लागली होती. आता दोन महिने सगळं जागच्या जागी थांबलं होतं.

"मॅडमनी सांगितलं तेवढं मी रोज करते. पण त्या दर बारीला पुढचं सांगायच्या. आता पुढचं कोण सांगणार?" बाईंनी हॉलमधल्या कपाटांवरून नजर फिरवली. "एवढी पुस्तकं हायती तुमच्याकडं. एकात बी असल्या लेकराचं न्हाई का?"

मी तोपर्यंत एकवीस वर्षं त्या कपाटांमध्ये बसून काढली होती. लोक रहस्यकथा मागत, परीक्षांची गाइडं मागत, उन्हाळ्यात नुसतेच पंख्याखाली येऊन बसत. आपल्याला या पुस्तकाची गरज आहे, असं इतक्या सरळ मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "एक आहे."

ते शाहीन मॅडमचं होतं. इंग्रजी, जाडजूड, रेघांच्या चित्रांचं. चित्रं आवडली म्हणून डिसेंबरात मी ते चाळायला मागून घेतलं होतं आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. बाईंना मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी बाजाराला याल तेव्हा इकडे या, मी मराठीत लिहून ठेवतो.

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. पातळ कागद ठेवून चित्र गिरवून घेतलं. खाली ठळक अक्षरात, एका ओळीत एक कृती: मुलाला वाकळीच्या गुंडाळीवर पालथं ठेवा. छाती गुंडाळीवर येऊ द्या. समोर आवडती वस्तू धरा. एक व्यायाम, एक कागद, एकच बाजू. कारण तो घरात भिंतीवर लावायचा होता. मागची बाजू कोण बघणार? अक्षर हा माझा एकच गुण. गावातल्या सगळ्या मानपत्रांवर माझं अक्षर असे.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या गोदाबाई कागदावरून नजर फिरवत म्हणाल्या, "गुरुजी, सुई टोचायला कधीपासून लागणार?"

मी ओशाळलो. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं.

पहिला कागद नेल्यावर आठच दिवसांत वैजू पालथी पडल्या पडल्या मान वर धरायला लागली. दुसरा कागद, तिसरा कागद. मार्चच्या मध्यावर बाईंनी तिला हॉलच्या फरशीवर बसवलं आणि हात काढून घेतले. वैजू डुलली, सावरली आणि बसली. कोणाचाही हात नाही. "मोज," तिनं आईला सांगितलं. शब्द तिला एकेक अक्षर ओढून बोलावे लागत. बाई मोजू लागल्या. वीस म्हणेपर्यंत ती टिकली, मग मागे कलंडली ती माझ्या बुटांपाशी आणि खालून माझ्याकडे बघून हसायला लागली.

"गुडघे वाकलेले ऱ्हातेत ना, म्हणून मागं पडती," बाई म्हणाल्या. "पाय सरळ झाले तर बसंल. त्याचं हाय का पुस्तकात?"

त्याचंही होतं.

चौथा कागद मी पंधरा दिवस खपून केला. चित्र अवघड होतं. मांडी, गुडघा, टाच, आणि धरणाऱ्याचे दोन हात. असा कागद मी त्याआधी केला नव्हता. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, लग्नाची पत्रिका धरावी तसा.

मी समजावून सांगितलं. मी स्वतः कुठल्या मुलाला हात लावत नसे. वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्यावर दाखवायचो. एक हात गुडघ्याच्या वर. दुसरा टाचेखाली. सावकाश सरळ करत जा, अडेल तिथे थांबा, तीस मोजा. दिवसातून पाच वेळा.

"किती जोर लावायचा?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर याचं उत्तर नव्हतं. "ताण जाणवला पाहिजे," मी म्हणालो. "थोडी रडेल."

"ती लबाड हाय. हात लावायच्या आधीच रडती."

"मी न्हाई लबाड," वैजू म्हणाली. "मला तीसपर्यंत येतंय."

"पंधरा दिवस हाच करा," मी म्हणालो. "मग पुढचा देतो."

पंधरा दिवस झाले. त्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. पाचवा कागद तयार होता. मी तो टेबलावर ठेवून बाजार उठेपर्यंत बसून राहिलो. पुढचा गुरुवार आला, तो एप्रिलमधला तिसरा. दुपारी दारात कोणी उभं राहिलं म्हणून मी मोठ्या आशेनं वर पाहिलं, तर शाहीन मॅडम.

त्या सोलापुरात एका खासगी दवाखान्यात लागल्या होत्या. बहिणीकडे जाताना वाटेत एस.टी.तून उतरल्या होत्या. "माझं पुस्तक जप्त केलंत की काय, मठपती सर?" त्या हसत म्हणाल्या.

मी पुस्तक काढून दिलं, आणि मग राहवेना म्हणून फाइलही पुढे केली. प्रत्येक कागदाची कार्बन प्रत मी ठेवली होती. काय केलं, कोणासाठी केलं ते सांगितलं. त्यांनी पहिली प्रत पाहिली, भुवया उंचावल्या. दुसरी, तिसरी. "किती सुंदर केलंय हो," त्या म्हणाल्या. "आम्ही चार वर्षं शिकलो, आम्हाला नाही सुचलं." माझे कान गरम झाले.

चौथी प्रत त्यांनी दोनदा वाचली. मग पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि पुढच्या पानावरच्या सूचनेच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथला चौकोन कुठाय?"

"पुढच्या पानावर जात होता तो. एका कागदात बसेना. जागा उरली नाही."

"वाचला होतात?"

"वाचला होता. वाटलं की, आयांना उगीच भीती वाटेल."

माझ्या कागदाला चारी बाजूंनी वेल काढली होती. पानंफुलं असलेली, मानपत्राला काढतो तशी, चांगली दोन बोटं रुंद. त्या वेलीवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं.

"हिला जागा होती," त्या म्हणाल्या.

"जे मूल कधी पायावर उभंच राहिलेलं नसतं, त्याची हाडं भरत नाहीत, सर. काडीसारखी राहतात. त्याचा पाय जोर लावून ओढायचा नाही. आधी जाणत्यानं हात लावून बघायचं, मग आईला शिकवायचं. एवढंच आहे या चौकोनात." त्यांनी पुस्तक मिटलं. "कधी दिलात कागद?"

"तीन आठवडे झाले. गेल्या गुरुवारी त्या यायच्या होत्या."

"आल्या नाहीत?"

"नाही."

"चला," त्या म्हणाल्या.

सारोळवाडीला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. पाऊण तासात त्या एकच वाक्य बोलल्या, तेही खिडकीबाहेर बघत. "माझ्याकडे हिचा पत्ता होता. मी एक पत्र टाकायला हवं होतं, की मी आता येणार नाही."

घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीत बाज होती आणि बाजेवर वैजू उताणी. उजव्या मांडीला बांबूच्या कामट्या लावून वर चिंध्या घट्ट आवळल्या होत्या. खालचं पाऊल सुजून तुकतुकीत झालं होतं. वरच्या भिंतीवर माझे चार कागद ओळीनं चिकटवलेले. चौथ्याची वेल ओसरीच्या दारातूनही दिसत होती.

चंद्रकलाबाई आतून धावत आल्या आणि शाहीन मॅडमना पाहून एकदम खालीच बसल्या.

"मॅडम, तुमी आलात," त्या म्हणाल्या. "मी मोडला वो तिचा पाय."

"कधी?"

"आज दहा दिस झाले. जून जवळ आला ना. गुरुजींनी तीस मोजायला सांगितले व्हते, मी पन्नास मोजायला लागले. रडायली व्हती, तरी म्हणलं थोडं अजून, थोडं अजून. आवाज आला. मला वाटलं, बाजेचं लाकूड वाजलं. मी बाजेखाली वाकून बघितलं, मॅडम. बाजच बघत बसले मी."

शाहीन मॅडम वैजूजवळ बसून चिंध्या सोडू लागल्या होत्या. "दवाखान्यात?"

"नेलतं. फोटोचं मशीन बंद हाय म्हणले, जिल्ह्याला जावा. मालक न्हाईत, एकटी कुठं नेऊ? मग गावातल्यानं बांधलं."

कोपऱ्यात बसलेली म्हातारी सासू माझ्याकडे बघत म्हणाली, "कागदानं पाय सरळ व्हतेत व्हय? कागदानं?"

"आत्याबाई, गप बसा," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "कागदात काय बी चूक न्हाई. मी वाचलाय ना. पाठ हाय मला. चूक माझ्या हाताची हाय."

शाहीन मॅडमचे हात थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वाट पाहत होत्या. मी दाराच्या चौकटीत, चप्पल न काढता उभा होतो. वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार होतं: कागदात चूक आहे, बाई, ती माझी आहे. मी तोंड उघडलंही असेल.

"गुरुजी," बाजेवरून वैजू म्हणाली, "मला पन्नासपर्यंत येतंय."

मी मान हलवली. तेवढंच केलं.

दुधाचा टेंपो मिळाला. मागे वाकळ अंथरून वैजूला ठेवलं. चंद्रकलाबाई चढल्या. मॅडम चढायच्या आधी माझ्याजवळ आल्या.

"त्यांना मी सांगणार नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते तुमचं काम आहे. आज नाही जमलं तर उद्या करा. पण तुम्हीच करा."

"हो," मी म्हणालो.

टेंपो सोलापूरकडे गेला. मी परत ओसरीत गेलो आणि म्हातारीच्या देखत चौथा कागद भिंतीवरून काढून घेतला. कागद खिशात घालून मी जीपच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो. तिथे दुसरी माणसंही होती आणि ती उसाविषयी बोलत होती.

ऑगस्टमध्ये पत्र आलं.

"आदरणीय गुरुजी, स. न. वि. वि. वैजूचा पाय जुळला आहे. थोडा आखूड राहील असे डॉक्टर म्हणाले. जूनला पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून शाळेत नाव घातले नाही, पुढच्या जूनला बघू. तुम्ही रागावला असाल. माझ्याकडून चूक झाली. आता मी अजिबात जोर करणार नाही, सांगितले तेवढेच मोजीन. तरी कृपा करून पुढचा कागद पाठवावा. आपली, चंद्रकला सुरवसे."

पाचवा कागद टेबलाच्या खणात होता. तो पाठवायला मी घाबरलो. पुन्हा काही मोडलं तर? नुसता कागद न पाठवता खरं लिहावं, तर त्यालाही घाबरलो. पहिल्या आठवड्यात मी अकरा मसुदे केले. मग महिन्यात एखादा. मग वर्षातून एकदा, मार्च आला की. बाजाराच्या दिवशी बाई येतील म्हणून मी दोन वर्षं गुरुवारची रजा घेत होतो. त्या कधी आल्या नाहीत, असं गोदाबाई सांगायच्या. मला सुटल्यासारखं वाटायचं. एवढ्याशा सुटकेवर माणूस किती वर्षं काढू शकतो, ते मला ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावरही मी रोज सकाळी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचायला जातो. यंदाच्या मार्चमध्ये एका संस्थेनं तिथे अशा मुलांच्या आयांची बैठक ठेवली होती. वीस-बावीस बायका, बऱ्याचजणींच्या मांडीवर मुलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. केस पिकलेले, आवाज खणखणीत. एका तरण्या आईनं त्यांना विचारलं, पाय ओढताना किती जोर लावायचा?

"जोर?" बाई म्हणाल्या. "हे हात बघा माझे."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही.

"या हातांनी मी माझ्या लेकीचा पाय मोडला. बावीस वर्षं झाली, प्रत्येक गावात हेच सांगते. लाज वाटत न्हाई मला सांगायची, कारण तुमच्या हातून व्हायला नको. इथं, याच वाचनालयात, एक गुरुजी व्हते. देवमाणूस. त्यांनी मला कागद लिहून दिलता, मोत्यासारख्या अक्षरात. त्यात सगळं बरोबर व्हतं. मीच अधाशी. लेकरू जूनला शाळेत बसवायचं म्हणून जोर केला. पाय जुळला, शाळा राहिली ती राहिलीच. आता अठ्ठावीसची हाय पोरगी. घरात असती."

"मग त्या गुरुजींनी पुढं शिकवलं न्हाई?" कोणीतरी विचारलं.

"मी पत्र पाठवलं व्हतं, पुढचा कागद द्या म्हणून. न्हाई आला." बाई म्हणाल्या. "बरोबर हाय त्यांचं. असल्या हातात कोण देईल?"

मी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. बावीस वर्षं मी समजत होतो की मी गप्प आहे. मी गप्प नव्हतो. माझं म्हणणं त्यांना ऑगस्टपासूनच पोचलेलं होतं: तुमचे हात नालायक आहेत. आणि त्यांनी ते मान्य करून, गावोगाव स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

तिथेच उठून बोलायला हवं होतं. दहा पावलांचं अंतर. मी उठलो, आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. बहात्तराव्या वर्षीही मी तोच. मला माझ्याबद्दल दुसरं काही वाटून घेण्याचं कारण उरलेलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात माझ्या स्वभावाविषयी फार होतं. तो फाडला. दुसऱ्यात क्षमा हा शब्द चारदा आला होता, म्हणजे त्याही पत्रात मी त्यांच्याकडे काहीतरी मागतच होतो. तोही फाडला. तिसरा असा झाला:

"चंद्रकलाबाई, तुमच्या पत्राचं हे उत्तर आहे. तुमच्या हातून चूक झाली नव्हती. पुस्तकात चौथ्या व्यायामाखाली पुढील सूचना होती, ती मी वाचली होती आणि तुमच्या कागदावर लिहिली नाही: 'जे मूल कधी उभे राहिलेले नाही त्याची हाडे अतिशय नाजूक असतात. जाणत्या व्यक्तीने तपासल्याशिवाय हा व्यायाम करू नये. जोर लावल्यास, आणि कधी कधी न लावताही, हाड मोडू शकते.' तुम्ही तीसच मोजले असते तरी ते होऊ शकलं असतं. जोर किती लावायचा, हे तुम्ही मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं. तुमच्या ओसरीत त्या दिवशी मी हे सांगायलाच आलो होतो आणि बोललो नाही. पुढचा कागद पाठवला नाही, त्याचं कारण तुमचे हात नव्हते. हे पत्र तुम्ही बैठकीत वाचून दाखवावं. माझं नाव घ्यावं. वैजूलाही वाचून दाखवावं. शिवलिंग मठपती."

सोबत तो चौथा कागदही घातला, भिंतीवरून काढलेला, वेलीसकट. त्यांना स्वतः बघता यावं म्हणून.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीत एक मुलगी होती. तिनं पाकीट तोलून पाहिलं.

"साधं पाठवायचं का रजिस्टर, आजोबा?"

साधं टाकलं असतं तर ते पोचलंच नसेल, असं मला उद्यापासून स्वतःला सांगता आलं असतं. "रजिस्टर," मी म्हणालो. "आणि पोचपावती पाहिजे."

"त्यावर घेणाऱ्याची सही लागंल."

"लागू दे."

तिनं शिक्का मारला, माझ्यापुढे पावती सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.